प्याला सोडल्यानंतर

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आले. तेव्हापासून आपण सुधाकराची अधोगतीच आठवत आलो आहोत. नाटकातली एक जागा मात्र घाईने ओलांडली जाते. सुधाकर दारू सोडतो, आणि नोकरी मागायला ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे जातो. पदरी पडतो अपमान. पाय पुन्हा प्याल्याकडे वळतात. शीर्षक सगळा दोष पहिल्या प्याल्याला देते, पण इथे गडकरी बोट दाखवतात ते शुद्धीवर असलेल्यांकडे. (दारूबंदीच्या प्रचारकांना हे कितपत रुचले असेल, कोण जाणे.)

याउलट भगीरथ. प्रेमभंगाने पिऊ लागलेला हा तरुण सावरतो, कारण रामलाल त्याला नुसता उपदेश करत नाही, लोकसेवेच्या कामाला लावतो. त्याचे सावरणे मात्र गडकरी चटकन उरकतात. झोप न लागलेल्या रात्री, थरथरणारे हात, रस्त्यात भेटणारे जुने सोबती, यातले काहीच नाही. शोकांतिकेला हा तपशील नको असतो, मान्य. तरी शब्दांची एवढी उधळण करणाऱ्या लेखकाकडे एक साधी सकाळ मागावीशी वाटते.

तशा सकाळी शोधायला आज मी अनिल अवचटांच्या ‘मुक्तांगणची गोष्ट’कडे जातो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनींच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. ते नाव ऐकले की सिंधू आणि तळीरामाची गीता डोळ्यांपुढे येतात: दोन दारुड्यांच्या बायका, एकमेकींना धरून बसलेल्या.