टांगलेले आणि येऊ घातलेले : ‘इम्पेन्ड’चा मराठी अर्थव्यूह

इंग्रजीतील ‘इम्पेन्ड’ या क्रियापदाला मराठीत एकच नेमका प्रतिशब्द नाही, ही सामान्यतः कोशाची उणीव समजली जाते. वस्तुतः प्रश्न शब्दाचा नसून त्यामागील प्रतिमेचा आहे.

लॅटिन ‘इम्पेन्देरे’ म्हणजे वर लोंबणे. ‘सस्पेन्ड’, ‘डिपेन्ड’, ‘पेंड्युलम’ हे शब्दही ‘पेन्देरे’ याच मुळाचे. डॅमोक्लिसच्या मानेवर घोड्याच्या केसाने टांगलेल्या तलवारीची कथा सांगताना सिसेरोने हेच क्रियापद योजले आहे. त्या कथेतून आलेल्या ‘टांगती तलवार’ या वाक्प्रचारात ‘इम्पेन्ड’चा मूळ दृश्यार्थ मराठीत शिल्लक आहे. तेथे धोक्याला जागा असते, वेळ नसते.

मराठी क्रियापदांची दिशा निराळी आहे. ‘ओढवणे’चे ‘ओढणे’शी नाते दिसते, संकट वरून कोसळत नाही, ते ओढले जाते. मात्र ‘ओढवले’ म्हणताच ते येऊन चुकलेले असते. ‘येऊन ठेपणे’ त्याला उंबरठ्यावर आणते, ‘घोंघावणे’ त्याचा आवाज ऐकविते. ‘येऊ घातलेले’ हा प्रयोग मधला काळ अचूक पकडतो. परंतु तो निवडणुकीलाही चालतो, त्यात भय नाही. प्रशासनाचा लाडका ‘संभाव्य’ तर केवळ शक्यता सांगतो, समीपता नव्हे.

हा भेद निव्वळ शाब्दिक नाही, हे रायगडच्या भूगोलावरून ध्यानात येते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. ते समुद्रावरून चालून आले. त्याला ‘घोंघावणे’ शोभते. २२ जुलै २०२१ रोजी याच जिल्ह्यात, महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथे संकट शब्दशः माथ्यावर होते. लॅटिन प्रतिमा किनाऱ्यावरील वादळापेक्षा डोंगरकुशीतील या गावाला अधिक लागू पडते.

म्हणून दोन्ही आपत्तींना ‘संभाव्य’ हे एकच विशेषण लावणारी भाषा व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही इशारा म्हणून दुबळी ठरते. भाषांतरकाराने प्रतिशब्द शोधण्यापूर्वी संकट कोठून येत आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.