आकारांची रुजवात

नव्या यंत्रभागाचा आराखडा हाती घेण्यापूर्वी तसाच एखादा भाग कारखान्यात पूर्वी झाला आहे काय, याची दफ्तराशी रुजवात घालण्याची निकड पडद्यावरील आराखड्यांहून जुनी आहे. आखेन येथील प्राध्यापक हेर्वार्ट ओपिट्झ यांनी १९६०च्या दशकात जी अंकपद्धती सिद्ध केली, तीत पहिले पाच अंक भागाच्या आकाराचे असून पुढील चार माप, धातू, कच्च्या मालाचे मूळ रूप आणि अचूकता यांसाठी राखलेले होते. हाताने नोंदी करावयाची ही पद्धत किचकट खरी. पण दोन भाग सारखे म्हणजे कशात सारखे, याचा तपशील ती प्रथमपासून मागत असे. गेल्या पाव शतकात संगणकाने आकारतुलनेत जी मजल मारली ती त्या पहिल्या पाच अंकांपुरती आहे, आणि उरलेले चार जवळजवळ बेवारस पडले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही मजल सामान्य नव्हे. प्रिन्स्टनच्या ओसादा, फंकहाउझर प्रभृतींनी २००२ साली मांडलेली युक्ती तर साधेपणामुळेच मनोहर वाटते: वस्तूच्या पृष्ठभागावर यदृच्छेने दोन बिंदू घ्यावेत, त्यांतील अंतर मोजावे, असे पुनःपुन्हा करून अंतरांचा आलेख काढावा, आणि वस्तूंऐवजी त्यांच्या आलेखांची तुलना करावी, वस्तू कशीही फिरविली तरी आलेख ढळत नाही. पुढच्याच वर्षी तैवानमधील चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, सारख्या वस्तू सर्व बाजूंनी सारख्याच दिसतात या तत्त्वावर, वस्तूभोवती द्वादशफलक कल्पून त्याच्या २० शिरोबिंदूंवरून छायाकृती टिपल्या. समोरासमोरच्या छायाकृती एकमेकींची आरशातील प्रतिमा असल्याने त्यांतील १०च पुरल्या. २०१५ साली सू, माजी प्रभृतींनी अशीच अनेक बाजूंची चित्रे न्यूरल नेटवर्ककडून वाचवून पूर्वीच्या पद्धतींना मागे टाकले.

परंतु या गुणांतच दोषाचे बीज आहे. मोटारीच्या डाव्या आणि उजव्या दाराच्या बिजागऱ्या पुष्कळदा परस्परांच्या प्रतिबिंबासारख्या असतात. दोन बिंदूंतील अंतर आरशात पालटत नाही, म्हणून प्रिन्स्टनची पद्धत त्यांना एकच ठरविते, आणि जुळणीच्या वेळी मात्र एक दुसरीच्या जागी बसत नाही. १० मिलिमीटर व्यासाच्या बोल्टला दीड मिलिमीटर पिचचे आटे असतात, तसे सव्वा मिलिमीटरचेही. पण फाइल जड होऊ नये म्हणून आटे प्रत्यक्ष न कोरता नुसते दर्शविण्याची चाल रूढ असल्याने पडद्यावर दोन्ही बोल्ट हुबेहूब एक. तुलनेपूर्वी सर्व वस्तू समान मापाच्या करून घेण्याचा प्रघातही आहेच. त्यामुळे घड्याळातील दंतचक्र आणि साखर कारखान्यातील दंतचक्र एका पंक्तीत येऊन बसू शकतात.

या दृष्टिदोषाला कसोट्यांचाही हातभार लागला. प्रिन्स्टनची २००४ची कसोटी १,८१४ प्रतिमानांची. पण त्यांत विमाने, प्राणी, खुर्च्या, म्हणजे डोळ्यांनी पाहताच नाव घेता येईल अशाच वस्तू फार. पर्ड्यू विद्यापीठात कार्तिक रामानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली केवळ यंत्रभागांची, ८६७ प्रतिमानांची, निराळी कसोटी उभी केली. संख्येने लहान असूनही मी तिला अधिक मान देतो, जरी तिची वर्गवारी शेवटी आकारावरच उभी आहे.

ऑटोडेस्कच्या संशोधकांनी २०२१ साली चित्रांचा मार्ग सोडून आराखड्यातील पृष्ठे व कडा यांचे परस्परसंबंध थेट वाचावयास लावणाऱ्या पद्धती प्रसिद्ध केल्या, ही दिशा मला योग्य वाटते. अचूकतेची माहिती मिळत नाही, ही सबब तर आता चालण्यासारखी नाही. स्टेप या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या २०१४च्या एपी २४२ या भागाने टॉलरन्स संगणकाला वाचता येईल अशा रूपात आराखड्याबरोबरच नोंदविण्याची सोय केली आहे. तेव्हा शोधाच्या उत्तरात प्रत्येक भागापुढे साम्याचा आकडा टाकून न थांबता त्याची तफावतही लिहिली जावी: हात डावा की उजवा, पिच किती, धातू कोणता, टॉलरन्स किती. ही मागणी कारखान्यांनी सॉफ्टवेअर विकत घेतानाच, करारात कलम घालून, केली पाहिजे.