मोत्याचे दाणे आणि कोंबडीचे पाय

'अक्षर कसले, मोत्याचे दाणे!' हे कौतुक ज्याच्या वाट्याला बालपणी आले, तो भाग्यवान. माझ्या वाट्याला ते आले नाही. मी तिसरीत असताना गुरुजींनी माझी वही साऱ्या वर्गापुढे उंच धरली आणि 'हे पाहा कोंबडीचे पाय' असे उद्‌गार काढले. वर्ग हसला. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, दीक्षा झाली, बाप्तिस्म्याच्या शेकडो नोंदी याच हाताने लिहिल्या. तरी नोंदवही उघडली की ते हसू आजही कानांवर येते. हस्ताक्षराची स्तुती-निंदा आपण कोणत्या शब्दांत करतो आणि ते शब्द कितपत न्यायाचे आहेत, हा विचार म्हणूनच मला अनेक वर्षे सोडीत नाही.

आपले स्तुतीचे शब्द पाहावेत. मोत्यासारखे, टपोरे, रेखीव, घोटीव, ठसठशीत, वळणदार. यांतील बहुतेक दागिन्यांवरून वा चेहरेपट्टीवरून आलेले आहेत. निंदेसाठी मात्र आपण अंगणात उतरतो. कोंबडीचे पाय, मुंगळ्याचे पाय आणि अगदीच अनर्थ असेल तर कुत्र्याचे पाय मांजराला! शिवाय किरटे, गिचमिड, फराटे ही विशेषणे आहेतच. दोन्ही प्रकारच्या शब्दांत दिसण्याचाच निवाडा आहे. लिहिलेले वाचता येते काय, हे विचारणारा 'सुवाच्य' हा एकच शब्द आपल्याजवळ आहे. पण तो अर्जाच्या सूचनांत राहतो, लोकांच्या तोंडी येत नाही.

या शब्दांतील सर्वांत प्रभावी शब्द 'वळण'. भोर आणि वेल्हे या भागात जाताना तो मला हटकून आठवतो, कारण हा मुलूखच लेखणीचा आहे. वेल्ह्यातील राजगड ही शिवछत्रपतींची रायगडापूर्वीची राजधानी. राज्याचा पत्रव्यवहार तेथूनच चाले. भोर संस्थानचे अधिपती तर पंतसचिव. राजपत्रे तपासून त्यांतील अक्षराचे व मजकुराचे अधिकउणे शुद्ध करणे, हे अष्टप्रधानांतील सचिवाचे काम. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना हे पद मिळाले आणि त्यांच्या वंशजांनी 1948 पर्यंत भोरवर राज्य केले. अक्षर दुरुस्त करणाऱ्याच्या हुद्द्यावरून राजघराणे ओळखले जावे, हे भाग्य फार थोड्या गावांचे असेल!

त्या काळी बोरूने मोडी लिहिणाऱ्यांची वळणे ठरलेली असत व त्यांना चिटणिसी, बिवलकरी अशी नावे होती. वळण म्हणजे हाताची शिस्त. हाच शब्द कागदावरून उठून माणसावर जाऊन बसला. 'पोराला वळण नाही', 'सरळ वळणाचा माणूस', 'बाळबोध वळणाचे घर' असे आपण म्हणू लागलो. अक्षर वाकडे ते मूलही वाकडे, असा नकळत न्याय झाला. माझ्या गुरुजींनी वही दाखवली. वर्गाने पाहिले मात्र मला.

ही खोड आपलीच आहे असे नाही. चीनमध्ये हस्ताक्षर ही श्रेष्ठ कला मानली गेली आणि तिच्या परीक्षणासाठी तेथे स्वतंत्र शब्दसंपदाच निर्माण झाली. आपण मोती पाहतो. त्यांनी अक्षरात हाडे, स्नायू आणि मांस पाहिले. चौथ्या शतकातील वेई नावाच्या विदुषीच्या नावावर एक वचन सांगितले जाते. त्यानुसार मांस फार आणि हाड थोडे असे अक्षर म्हणजे 'शाईचे डुक्कर'. यान चेन-छिंगच्या अक्षरात स्नायू आणि लिऊ कुंग-छुआनच्या अक्षरात हाडे, हा तर तेथील वाक्प्रचारच झाला. पसरट, निर्जीव लेखनाला 'वसंतातील गांडुळे आणि शरदातील साप' म्हणत. सू शी आणि हुआंग थिंग-च्येन या दोन कविमित्रांची थट्टाही प्रसिद्ध आहे. एकाने दुसऱ्याच्या अक्षराला झाडाच्या शेंड्यावर लोंबणारे साप म्हटले, तर त्याने उलट याच्या अक्षराला दगडाखाली चिरडलेला बेडूक म्हटले. कोंबडीचे पाय त्यामानाने सौम्यच!

या परीक्षणात एक मोठी गोष्ट आहे. 758 मध्ये यान चेन-छिंगने बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी शोकलेखाचा कच्चा खर्डा लिहिला. त्यात खाडाखोड आहे, ओळी अस्ताव्यस्त आहेत. तरीही तो चिनी हस्ताक्षरकलेचा मुकुटमणी गणला जातो, कारण त्या खाडाखोडीत दुःखाने थरथरणारा हात दिसतो. आपल्या मोत्यांच्या मापाने तो नापासच झाला असता. पण चिनी विचारही पुढे घसरतो. लेखणी सरळ कशी ठेवावी, असे सम्राटाने विचारले तेव्हा मन सरळ असेल तर लेखणी सरळ राहते, असे लिऊने सांगितले. उत्तर सुंदर आहे. खरे मात्र नाही. सोंग राजवटीतील त्साय चिंग हा मंत्री उत्कृष्ट हस्ताक्षराचा धनी होता, आणि इतिहासात तो कुटिल म्हणूनच बदनाम आहे.

मग अक्षर जोखावे तरी कशाने? याचे उत्तर मला भोरजवळच सापडले. भोरहून महाडकडे जाताना वरंध घाट उतरला की शिवथरघळ लागते. समर्थ रामदासांनी दासबोध तेथे सांगितला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. मोत्यांच्या माळेची उपमा समर्थांनीही दिली आहे. पण ते तिच्यापाशी थांबत नाहीत. ओळीला ओळ लागू नये, असे ते सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. येथे सौंदर्याचे माप बदलले आहे. पुढे कधीतरी, मंद दृष्टीने, जीर्ण पान हाती घेणाऱ्या वाचकाची आज केलेली काळजी म्हणजे चांगले अक्षर. या समासाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. सुंदर अक्षर घडवण्याचा उपदेश तेथे आरंभीच ब्राह्मणाला उद्देशून आहे. इतरांच्या हाती लेखणी यायला पुढे फार काळ जावा लागला, आणि ज्यांच्या घरात पहिल्यांदा पाटी आली त्यांच्याच मुलांना कोंबडीचे पाय अधिक ऐकावे लागले.

समर्थांच्या त्या नियमाची सत्यता मी डोळ्यांनी पाहिली आहे. पावसाळी प्रदेशातील एका धर्मग्रामात असताना एक बाई आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधत आल्या. जुन्या वहीतील ते पान अत्यंत सुबक होते, खरोखर मोत्याचे दाणे. पण लिहिणाऱ्याने कागदाची कडादेखील सोडली नव्हती. ओलीने कड गळाली आणि तिच्याबरोबर आजोबांचे अर्धे नावही गेले. पुढच्या पानावर दुसऱ्या कुणाचे ओबडधोबड, मोठे अक्षर होते. समास भरपूर सोडलेला. त्यातील एकही नाव हरवले नव्हते. बाई रिकाम्या हाताने परतल्या. त्या दिवशी मोत्यांवरचा माझा विश्वास उडाला.

संत पौलानेही गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी, आपण स्वतःच्या हाताने किती मोठ्या अक्षरांत लिहीत आहोत, याकडे वाचकांचे लक्ष वेधले आहे. त्याचे अक्षर सुंदर होते असे कुणी म्हटलेले नाही. पण ते वाचले गेले.

वाचकहो, आज मुले यंत्रावर लिहितात. हाताचे अक्षर शाळेच्या वहीत आणि आपल्या नोंदवह्यांत तेवढे उरले आहे. घरात मूल वही घेऊन येईल तेव्हा मोती शोधू नका आणि कोंबडीही आणू नका. 'तुझे हे लिहिणे आजीला वाचता येईल का?' एवढेच त्याला विचारा. 'अक्षर' म्हणजे जे झडत नाही ते. त्यासाठी मोती लागत नाहीत. थोडा समास सोडावा लागतो.