शोकविवर की जात्याची खळगी? : आयर्लंडमधील शिलासमाधी व स्थलनामे

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात, बरेन या चुनखडीच्या पठारावर, पूलनब्रोन ही नवाश्मयुगीन शिलासमाधी उभी आहे. १९८६ व १९८८ साली ॲन लिंच यांनी केलेल्या उत्खननात तेथे तीसहून अधिक माणसांचे अस्थ्यवशेष मिळाले. प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून या नामाचा अर्थ ‘शोकविवर’ असा दिलेला आढळतो. थडग्याला हा अर्थ इतका शोभतो की व्याकरण पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. आयरिश भाषेत ‘ब्रोन’ म्हणजे शोक हे खरे. परंतु तो शब्द पुल्लिंगी असून उपपदासह त्याची षष्ठी ‘अन व्रोइन’ अशी होते. प्रस्तुत नामातील उपपद ‘न’ हे आहे, आणि एकवचनी षष्ठीत ते केवळ स्त्रीलिंगी नामास लागते. अनेकवचन मानावे, तर ‘ब’चा उच्चार ‘म’ व्हावयास हवा होता. तेव्हा येथील ‘ब्रोन’ हे ‘ब्रो’ म्हणजे जाते या स्त्रीलिंगी नामाचे षष्ठीरूप होय. ‘जात्याची खळगी’ एवढाच त्याचा अर्थ. त्यात मृतांचा मागमूसही नाही.

कॉर्क परगण्यातील लॅबकॅलीचे प्रकरण अधिक मोहक आहे. ‘म्हातारीची शय्या’ हा येथील अर्थ निर्विवाद आहे. १९३४ च्या उत्खननात या समाधीत एका स्त्रीचा शिररहित सांगाडा सापडला, आणि लोकस्मृती चार हजार वर्षे टिकली असे अनुमान निघाले. वस्तुतः ही म्हातारी आयरिश पुराणकथांतील सर्वसंचारी व्यक्ती आहे. मीथ परगण्यातील लॉक्रू टेकड्यांनाही तिचेच नाव आहे. तसेच दिअर्मिद व ग्रान्या या पळून गेलेल्या प्रणयिजनांची ‘शय्या’ देशभर अनेक समाधींना चिकटलेली आहे. शिळांचा आकार पाहून कथा आली, कथेवरून नाव आले. आयरिशचे सर्वांत जुने ओघम लेख इ. स. च्या चौथ्या शतकाच्या सुमाराचे, पूलनब्रोन इ. स. पू. चौथ्या सहस्रकातील. एवढे अंतर केवळ एका योगायोगावर ओलांडणे साहसाचे आहे.

पी. डब्ल्यू. जॉइस यांच्या १८६९ च्या ग्रंथात ‘लाबा’ म्हणजे शय्या हा शब्द थडग्यासही लागतो, अशी नोंद आहे. ती आजही उपयुक्त वाटते, कारण भाबडे अनुमान टाळूनही तिचा लाभ घेता येतो. शेतकऱ्यांनी शिळा उचलून नेल्या, पण गावशिवाराच्या नावात ‘लाबा’ उरला, तर तेथे शोध घेणे योग्य ठरेल. ‘कार्न’विषयी मात्र सावधगिरी हवी, तो शब्द दगडांच्या कोणत्याही राशीस लागतो.