प्रतिमा आणि आपला वाचक

कवितेतला किंवा कथेतला विचार वाचक काही दिवसांनी विसरतो. प्रतिमा मात्र त्याच्या मनात घर करून राहते. विचाराशी वाद घालता येतो, तो नाकारता येतो. प्रतिमा वादाला अवसरच देत नाही. ती आधी दिसते आणि मग पटते. संस्कृत काव्यशास्त्राने ध्वनीच्या, तर उर्दू-फारसी परंपरेने तशबीह आणि इस्तिआरा यांच्या चर्चेत हे सामर्थ्य आपापल्या परीने ओळखले. मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा मात्र आशयापाशीच थांबते, असे आम्हाला वाटते.

कुरआनातील ‘सूरह नूर’मध्ये अल्लाहच्या प्रकाशाला कोनाड्यातल्या दिव्याची उपमा दिली आहे. तो दिवा काचेत आहे आणि जैतुनाच्या तेलावर तेवतो आहे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने जैतुनाचे झाड पाहिलेले नसते. पण मातीच्या भिंतीतला ‘ताक’ आणि त्यात तेवणारा दिवा त्याला ठाऊक असतो. या ओळखीच्या वाटेने न पाहिलेले झाडही त्याच्यापर्यंत पोचते. प्रतिमा वाचकावर परिणाम करते ती अशी, त्याच्या अनुभवाचे एक टोक धरून.

हीच वाट घातकही ठरू शकते. हरिभाऊ आपट्यांच्या काळापासून ऐतिहासिक कादंबरी मराठी घरांत आवडीने वाचली जाऊ लागली. पुढच्या कितीतरी सामान्य कादंबऱ्यांत आणि नाटकांत मुसलमान पात्र एकाच साच्यातून निघाले: तांबारलेले डोळे, हातात नंगी तलवार, तोंडी मोडकी हिंदी. वाचकाच्या शेजारी बागवान, शिंपी, शिक्षक राहत असतात. तरी दंगलीची बातमी आली की त्याच्या डोळ्यांपुढे आधी उभा राहतो तो पुस्तकातला मुसलमान. इतिहासाचे कितीही दाखले द्या, हा साचा मोडत नाही, कारण तो दाखल्यांनी घडलेलाच नाही. प्रतिमेला उत्तर प्रतिमेनेच द्यावे लागते.

असे उत्तर मराठीत आधीपासून आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ साली ‘योगसंग्राम’ पूर्ण केला. त्यात रणांगण आहे, पण लढाई माणसाची स्वतःच्या विकारांशी आहे. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी माती आणि श्रम यांना कवितेच्या केंद्री आणले. ‘धरतीमाता’ हे त्यांच्या संग्रहाचे नावच पुरेसे बोलके आहे. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ने (१९६५) कोकणातल्या खेड्याची गोष्ट सांगताना एका शब्दात जाणवून दिले की, दंगल आभाळातून पडत नाही, तिचे सरपण घराघरांत साठत असते. आपल्या वऱ्हाडातल्या साखरखेर्ड्याच्या अजीम नवाज राहींनी संग्रहाला ‘व्यवहाराचा काळा घोडा’ असे नाव दिले, तेव्हा रोजच्या जगण्यातली ओढाताण डोळ्यांसमोर उभी राहिली. या प्रतिमा मुसलमान असण्याची जाहिरात करीत नाहीत. म्हणूनच त्या वाचकाच्या मनातला जुना साचा हलवू शकतात.

आता आपल्या आजच्या कवितेकडे पाहू. हालींनी १८९३ साली ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’त उर्दू कवितेच्या झिजलेल्या सामग्रीवर कठोर टीका केली. आपण गुल आणि बुलबुल सोडले, पण त्यांच्या जागी नवी झिजलेली नाणी आणली: कबुतर, चंद्रकोर, जळालेले घर, गळ्यात गळा घालणारे मंदिर आणि मशीद. दुःख खरे असते. प्रतिमा मात्र उसनी असते. वाचक मान डोलावतो आणि पान उलटतो. त्याच्या मनात काहीही हलत नाही.

आमच्या अंजनगाव सुर्जीचेच पाहा. इतिहासाच्या पुस्तकात हे गाव म्हणजे ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेला तह. गावात राहणाऱ्याला मात्र आठवतात ते पानमळे आणि पानपिंपरी. वेलाला आधाराचे झाड लागते, सावली राखावी लागते, पाणी साचू न देता ओल टिकवावी लागते. उर्दू शायरीने पान पाहिले ते रंगलेल्या ओठांवर. ते खुडणारे हात तिला क्वचितच दिसले. मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम कवीला ते हात दिसायला हवेत. अर्थात, वेल आणि आधार दिसले की लगेच हिंदू-मुस्लिम ऐक्याचे रूपक बांधायचे, असा याचा अर्थ नव्हे. आधी वेल वेल म्हणून दिसू द्यावा. अर्थ वाचक स्वतः शोधतो आणि स्वतः शोधलेला अर्थच त्याच्याजवळ टिकतो.

सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा ‘आम्हीही मराठीच आहोत’ हे सांगण्याची गरज होती. ती अजून संपलेली नाही. पण ही गोष्ट घोषणेने वाचकाच्या बुद्धीपर्यंत पोचते. त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचण्यासाठी आपल्या गल्लीतल्या, मळ्यातल्या, कोनाड्यातल्या वस्तूच कवितेत आल्या पाहिजेत. ते काम आपल्या कवींना आणि कथाकारांनाच करावे लागेल.