कर्णोपकर्णी : एका गाण्याचे पाठभेद

कलाकृतीची मूळ प्रत कोणती, हा प्रश्न जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांनाच पडतो, असा आपला समज असतो. हस्तलिखिते जमवावीत, पाठभेद लावावेत, लेखनिकांचे प्रमाद वगळावेत आणि शक्य तितकी कवीच्या हातची संहिता सिद्ध करावी, हा त्यांचा उद्योग. ध्वनिमुद्रित गाण्याच्या बाबतीत असा खटाटोप अनावश्यक वाटतो. तबकडीवर गायकाचे नाव असते, कंपनीचे नाव असते, वर्षही असते. परंतु अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी मोटाउन या कंपनीने १९६६ ते १९६८ या काळात घडवलेले ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ हे सोल संगीतातले विख्यात गाणे घेतले, की तबकडीवरचे वर्ष किती फसवे असू शकते ते कळते. किंबहुना ‘मूळ’ या शब्दावरचा आपला विश्वासच डळमळू लागतो.

गाण्याच्या नावात द्राक्षवेल आहे. तिच्यावरून बातमी कानी आली, असा तो वाक्प्रचार. मराठीत त्याला ‘कर्णोपकर्णी’ हा नेमका शब्द आहे. पण अमेरिकन निग्रो समाजाच्या तोंडी या वाक्प्रचाराला जो इतिहास आहे तो आपल्या शब्दाला नाही. ज्यांना लिहूवाचू दिले जात नव्हते अशा गुलामांपर्यंत यादवी युद्धाच्या वार्ता तोंडातोंडी पोहोचत, आणि या अदृश्य तारायंत्राचा उल्लेख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात केला आहे. ऐकीव बातमी हीच तिथे खरी बातमी होती. बॅरेट स्ट्राँग या गीतकाराला हा वाक्प्रचार शिकागोच्या मिशिगन रस्त्यावर लोकांच्या बोलण्यात भेटला. त्याने तो नॉर्मन व्हिटफील्ड या आपल्या सहकाऱ्याकडे नेला, आणि दोघांनी त्यातून एका प्रेमिकाचे गाणे रचले. आपले माणूस आपल्याला सोडून जाणार, हे त्याला परक्यांकडून कळले आहे. दुःख केवळ विरहाचे नाही. ज्याने सांगायचे त्याने सांगितले नाही, हे त्यातले खरे शल्य आहे.

आता पाठभेद पाहू. श्रोत्यांना हे गाणे प्रथम भेटले ते १९६७ च्या सप्टेंबरात, ग्लॅडिस नाइट आणि तिचे साथीदार पिप्स यांच्या तबकडीवरून. ती निग्रो संगीताच्या यादीत पहिल्या स्थानी गेली, सर्वसाधारण यादीत दुसऱ्या. पुढल्या वर्षी, १९६८ च्या ऑगस्टात, मार्व्हिन गे याच्या ‘इन द ग्रूव्ह’ या संग्रहात तेच गाणे एका कोपऱ्यात आले. रेडिओवरचे निवेदक आपण होऊन ते वाजवू लागले, म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस त्याची स्वतंत्र तबकडी काढावी लागली, आणि डिसेंबरपासून सलग सात आठवडे ती देशात पहिल्या क्रमांकावर राहिली. त्याच वर्षी स्मोकी रॉबिन्सन आणि मिरॅकल्स यांचा पाठही त्यांच्या एका संग्रहातून बाहेर पडला. साहजिकच १९६८ च्या श्रोत्याला वाटले, की ग्लॅडिसच्या चढ्या गाण्याला गेने संथ केले.

वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. सर्वांत आधी, १९६६ च्या ऑगस्टात, गाणे मुद्रित केले ते मिरॅकल्सनी. त्यानंतर १९६७ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेने. ग्लॅडिसचे मुद्रण त्याच वर्षी जूनमधले, म्हणजे तिघांत शेवटचे. कंपनीत कोणती तबकडी बाजारात जावी हे ठरवण्यासाठी नियमित बैठक होत असे, आणि मालक बेरी गॉर्डी यांचा शब्द तिथे अखेरचा असे. त्यांनी पहिले दोन्ही पाठ मागे ठेवले. गेसाठी त्यांनी दुसरेच गाणे पसंत केले. व्हिटफील्डने हट्ट सोडला नाही म्हणून तिसरा पाठ झाला. आयझ्ली ब्रदर्स यांनीही हे गाणे गाऊन ठेवले होते अशी एक वदंता आहे, पण तसे ध्वनिमुद्रण आजवर पुढे आलेले नाही. ऐकीव बातमीवरच्या गाण्याला स्वतःचाही एक ऐकीव पाठ असावा, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

या कालक्रमाचे महत्त्व केवळ चौकसपणाचे नाही. आपल्याकडे एकच चीज दोन गवय्यांच्या गळ्यातून वेगळी होते, याचे आपल्याला नवल वाटत नाही. तिथे फरकाचे श्रेय आपण गवय्याला देतो. इथे मात्र तिन्ही पाठांचा निर्माता एकच, व्हिटफील्ड. शब्द जवळजवळ तेच, चालीचा सांगाडा तोच. असे असूनही अनुभव तीन झाले आहेत. मग अनुभव नक्की कशात राहतो, हा समीक्षेचा प्रश्न या गाण्याने प्रयोगशाळेत ठेवावा तसा आपल्यापुढे ठेवला आहे.

स्मोकी रॉबिन्सनचा गळा मृदू आणि रेशमी. तो दुःखाला सुबक करतो. त्याच्या पाठात बातमी कळलेली आहे, पण तिने घर हादरलेले नाही. ग्लॅडिसच्या पाठात गती चढी आहे. त्या वर्षी अ‍ॅरेथा फ्रँकलिनच्या ‘रिस्पेक्ट’ने सगळ्यांना हलवून सोडले होते, आणि व्हिटफील्डला त्याच्याही वरचढ काही करायचे होते. चर्चमधल्या सामूहिक गायनाची सवाल-जवाबाची रीत इथे आली आहे. ती बोलते, पिप्स दुजोरा देतात. म्हणजे ती एकटी नाही. तिच्या पाठीशी गल्ली आहे, शेजारपाजार आहे, आणि बातमी आणणारी माणसेही तिच्याच बाजूची आहेत. ही स्त्री रडत नाही, ती जाब विचारते. गुलामांच्या त्या तोंडी तारायंत्रातली माणसा-माणसांमधली आपुलकी, मला वाटते, याच पाठात जिवंत राहिली आहे.

मार्व्हिन गेच्या पाठात हीच माणसे शत्रू होतात. विजेवर चालणाऱ्या पिआनोच्या काही दबक्या सुरांनी गाणे उघडते. खंजिरी सळसळते, ती नाचासाठी नव्हे. अ‍ॅन्डांटीज या स्त्रियांचा पाठीमागचा स्वर दुजोरा देत नाही, कुजबुजतो. पॉल रायझर यांनी बांधलेली व्हायोलिने डेट्रॉइटच्या सिंफनी वाद्यवृंदातील वादकांनी वाजवली आहेत. ती सांत्वन करायला येत नाहीत, पाळत ठेवायला येतात. शिवाय व्हिटफील्डने गाण्याची पट्टी गेच्या सहज पल्ल्याच्या वर ठेवली. त्यावरून दोघांत खटके उडाले, पण परिणाम असा झाला, की गाताना गळ्यावर आलेला ताण आणि गाण्यातल्या माणसाच्या मनावर आलेला ताण यांत भेदच उरला नाही. ही केवळ सजावट नव्हे, हा आशयच आहे. ग्लॅडिसच्या गाण्यात बातमी कळते. गेच्या गाण्यात ती खरी असेल या भीतीने माणूस पोखरला जातो.

पाठभेदांचा शोध इथे संपत नाही, कारण एकाच पाठाचीही पुन्हा निरनिराळी मिश्रणे असतात. त्या काळी एकेका गाण्याची तबकडी मोनो असे, म्हणजे सारा ध्वनी एकाच बिंदूतून येई. बहुतेक रेडिओही तसेच ऐकवीत. पुढे लोकांच्या घरी गेली ती बहुधा संग्रहातली स्टीरिओ मिश्रणे, ज्यांत वाद्ये डाव्या-उजव्या बाजूंना वाटली जातात. मोटाउनच्या त्या काळातल्या तबकड्यांची मूळ मोनो मिश्रणे २००५ पासून क्रमाने पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा हा फरक नव्या श्रोत्याला पडताळून पाहता आला. गेच्या बाबतीत तो अर्थापर्यंत पोहोचतो. स्टीरिओत कुजबुज आजूबाजूला पसरते, माणूस मध्ये उभा राहतो, आणि आपण त्याच्याकडे पाहू शकतो. मोनोत कुजबुज आणि माणूस एकाच जागी कोंबलेले असतात. लोक बोलत आहेत, की त्याचेच मन बोलत आहे, हे सांगता येत नाही. मला मोनो पाठ अधिक खरा वाटतो तो जुना म्हणून नव्हे, तर त्यात सुटायला जागा नाही म्हणून. वाद्ये काढून केवळ गळा ठेवलेला पाठही आता फिरतो आहे. तो कुतूहलाने ऐकावा, पण त्यातून एकच सिद्ध होते : कुजबुज काढली, की भीतीचे कारणच नाहीसे होते आणि उरते ती थोर गायकी.

यानंतरची वंशावळ लांब आहे. व्हिटफील्डने १९६९ साली टेम्प्टेशन्सकडून आणि १९७१ साली अनडिस्प्यूटेड ट्रूथकडून पुन्हा हेच गाणे गाऊन घेतले. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल यांनी १९७० मध्ये ते अकरा मिनिटांवर ताणले, तेव्हा भीतीची जागा गिटारच्या भटकंतीने घेतली. १९८६ मध्ये तर कॅलिफोर्नियाच्या मनुकांच्या जाहिरातीत मातीचे मनुके हे गाणे गात नाचले. गुलामांच्या तारायंत्रातली द्राक्षवेल अखेर किराणा दुकानातल्या द्राक्षांपाशी आली. बातमी तोंडातोंडी जाताना जशी बिघडते, तसाच हा शेवट आहे.

मग मूळ पाठ कोणता? मुद्रणाच्या क्रमाने मिरॅकल्सचा, प्रसिद्धीच्या क्रमाने ग्लॅडिसचा, लोकांच्या स्मृतीत गेचा. घडण्याचा क्रम आणि कानी पडण्याचा क्रम हे दोन्ही खरे आहेत, आणि समीक्षकाने दोन्हींचा हिशेब ठेवला पाहिजे. पहिला हिशेब विसरला, तर ग्लॅडिसला आपण नकळत एक पायरी समजतो, जिच्यावर पाय ठेवून गे वर चढला. वास्तविक त्याचा पाठ आधी होऊन पडून होता, आणि ती स्वतःच्या बळावर वेगळ्या दिशेने गेली. दुसरा हिशेब विसरला, तर गेच्या पाठाचे एक बळ निसटते. डिसेंबर १९६८ मध्ये तो ऐकणाऱ्यांना ही बातमी वर्षापूर्वीच ठाऊक झाली होती. सगळ्यांना आधीच कळलेली गोष्ट ज्याला सर्वांत शेवटी कळते, त्या माणसाचे हे गाणे आहे, आणि कंपनीच्या कपाटात दीड वर्ष पडून राहिल्यामुळे ते नेमके त्याच अवस्थेत लोकांपुढे आले. निर्मात्याने हे योजले नव्हते. पण कलाकृतीचा अर्थ केवळ योजलेल्या गोष्टींतून घडतो, असे तरी कोणी सांगितले आहे?