यमूचे ‘मी’, रमाबाईंचे ‘आमच्या’

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’, रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही तीन पुस्तके यंदाच्या पावसाळ्यात मी पाठोपाठ वाचली. दोन आत्मकथनांच्या शेजारी एक कादंबरी ठेवली, कारण तीही आत्मकथनाच्याच रूपात लिहिलेली आहे. यमू आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगते. लिहिणारा मात्र ऐन पंचविशीतला पुरुष. ‘करमणूक’ १८९० साली निघाले, त्यात ही कादंबरी क्रमशः आली आणि १८९३ मध्ये तिचे पुस्तक झाले.

यमू काही राखून ठेवत नाही. सासरचा जाच, नवऱ्याकडून मिळालेले शिक्षण, मुंबईच्या बिऱ्हाडातले मोजके सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि बळजबरीने केलेले केशवपन, सगळे ती सांगते. शंकरमामंजींचे नाव आले की आजही पान उलटताना हात जड होतो. वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो, कारण ती ‘मी’ म्हणते.

रमाबाईंच्या पुस्तकाच्या नावातच दोन शब्द आडवे येतात : ‘आमच्या’ आणि ‘काही’. पुस्तक १९१० चे. न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले, म्हणजे विधवेने नऊ वर्षांनी लिहिलेले. तरी वैधव्य त्यात नाही. नवऱ्याच्या मृत्यूशी पुस्तक संपते. ज्या बाईने पुण्यात सेवासदन उभे केले, ती या पुस्तकात येतच नाही. यमूची लेखणी जिथे सर्वांत धारदार होते, नेमक्या त्याच ठिकाणी रमाबाई लेखणी खाली ठेवतात.

लग्नाचा प्रसंग मी तीनदा वाचला. १८७३ साल. पहिली पत्नी जाऊन फार दिवस झालेले नाहीत, सुधारक म्हणून रानड्यांनी विधवेशीच लग्न करावे अशी मित्रांची अपेक्षा, आणि वडिलांचा हट्ट. नवरा एकतीस वर्षांचा, नवरी अकरा. लग्नाच्या दिवशी ते कोणाशी न बोलता खोलीत जाऊन बसतात. वडिलांचा आग्रह, मुलाची घालमेल, हे सारे रमाबाई बारकाईने मांडतात. ज्या माणसाला हे लग्न नकोच होते, त्याच्या घरात आलेल्या मुलीला काय वाटले असेल, याला मात्र फारशी जागा मिळत नाही. पुढे शिकते म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायका तिला छळतात. नवऱ्याचा सल्ला एकच, उलट उत्तर देऊ नये, सोसावे. हा सल्ला त्या कौतुकाने नोंदवतात. मला ते कौतुक खोटे वाटत नाही. पण जाचाचे तपशील इतके ताजे आहेत की सोसणे किती महाग पडले, हे ती पाने कौतुकाला न जुमानता सांगून टाकतात.

आपल्या अभ्यासाची गंमत इथे आहे, आणि ती मला खटकते. बालविधवांच्या स्थितीवर लिहायचे झाले की साक्षीला यमू येते, जी कधी जन्मलीच नाही. रमाबाईंचे पुस्तक उघडले जाते ते रानड्यांच्या चरित्रासाठी : ते जेवत काय, बोलत कसे, संयम किती. कल्पित बाई स्वतःची साक्षीदार ठरली, खरी बाई नवऱ्याची. (चरित्रांच्या कपाटात हे पुस्तक ‘रानडे, म. गो.’ या नावाखाली लावलेले मी पाहिले आहे.) हरिभाऊंचे श्रेय मी कमी करत नाही, त्या काळी हे दुःख छापायला पुरुषाचा हात लागला, हीही माहितीच आहे.

लक्ष्मीबाईंनी तिसरीच वाट काढली. सोवळ्यापायी मीठसाखरसुद्धा धुणारे वडील, १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेला नवरा, मधली ताटातुटीची वर्षे. यमूने यावर रडवले असते, रमाबाई गप्प राहिल्या असत्या. लक्ष्मीबाई हसतात, आधी स्वतःला आणि लगोलग टिळकांनाही. टिळकांवरची माया जराही कमी न करता त्यांचा संताप त्या उघड्यावर मांडतात. १९३४ पासून हे भाग येऊ लागले. रमाबाईंच्या पुस्तकानंतर चोवीस वर्षांनी.

‘स्मृतिचित्रे’ मिटल्यावर मी पुन्हा ‘आठवणी’ घेतल्या आणि या खेपेस रानड्यांची वाक्ये सोडून फक्त स्वयंपाकघरातल्या बायकांची वाक्ये वाचत गेलो. ते पुस्तक वेगळेच निघाले.